अपग्रेड झालं अन् स्क्रीन काळी: नवा मॉनिटर घ्यायच्या आधी हे करून पाहा

"भाऊ, अपडेट मारलं अन् टीव्ही जळला." आमच्या दुकानात लोक मॉनिटरला टीव्ही म्हणतात अन् कॅबिनेटला सीपीयू, सीपीयू तर मीही आता तसंच म्हणतो, वाद कोण घालणार. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला अन् ११ टाकायची घाई सुटली, नेमकं त्याच टायमाला इकडं कापूस वेचणी, सेवा केंद्रावर लाडक्या बहिणीच्या केवायसीची रांग, फार्मर आयडी, सगळं एकदम, अन् त्या गर्दीत स्क्रीन काळी. दारव्हा-दिग्रस पट्ट्यात माझं छोटं रिपेरिंगचं काम आहे. हा एकच फॉल्ट इतक्यांदा सोडवला की आता अर्ध्या केसेस फोनवरच सुटून राहिल्या, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी एक सांगतो. अपग्रेडनं मॉनिटर जळत नाही. अपग्रेड सीपीयूच्या आतलं काम आहे, मॉनिटरच्या पॉवर बोर्डाला ते हात पण लावत नाही. होतं काय, की सीपीयू चित्र पाठवून राहिला असतो पण दुसऱ्याच पोर्टमधून, नाहीतर मॉनिटरला झेपत नाही अशा मापात, नाहीतर चित्र पाठवणारा ड्रायव्हरच (ग्राफिक्सचं काम सांभाळणारा विंडोजमधला छोटा प्रोग्राम) आडवा पडलेला असतो. म्हणून पहिलं शोधायचं ते मुका कोण झाला, सीपीयू का मॉनिटर. हे कळलं की निम्मं काम झालं.

काळी म्हणजे कशी काळी, ते आधी पाहा

फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो अन् लोक चिडतात, "काळी म्हणजे काळी ना जी." तसं नाही. पाच-सहा प्रकारची काळी असते.

सीपीयू चालू केल्यावर कंपनीचा लोगो दिसला, ठिपके गोल फिरले, अन् लॉगिन यायच्या टायमाला स्क्रीन गेली, तर मॉनिटर, केबल, पोर्ट सगळं चांगलं आहे, भानगड विंडोजच्या आत, बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हरची. लोगो पण नाही, पहिल्या सेकंदापासून "नो सिग्नल", तर केबल, रॅम नाहीतर बायोसची (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंग. "आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" असं लिहून आलं तर खुश व्हा, चित्र येऊन राहिलंय फक्त माप चुकलंय. काळ्या स्क्रीनवर माऊसचा पांढरा बाण फिरतो तर विंडोज जिवंत आहे, डेस्कटॉप तेवढा उठला नाही. मॉनिटरचा लाईटच लागत नाही तर विंडोजला शिव्या देऊ नका, तो विजेचा मामला आहे. अन् एक चोरटा प्रकार, खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला की एकदम फिक्कट चित्र दिसतं, म्हणजे मॉनिटरची बॅकलाईट गेली. हा खरोखरचा मॉनिटरचा फॉल्ट. अपग्रेडच्या दिवशीच झाला हा योगायोग, पण माणूस शेवटी अपडेटवरच नाव घेतो.

आता कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. त्याचा लाईट लागतो-विझतो तर सीपीयू जागा आहे. लाईट हलतच नाही तर तो एकतर अडकला नाहीतर उठलाच नाही. फुकट टेस्ट, पाच सेकंदाची.

काही करायच्या आधी थांबा

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. अपग्रेडच्या मधात सीपीयू दोन-चार वेळा रीस्टार्ट होतो अन् काही वेळ स्क्रीन काळी राहणं नॉर्मल आहे. एसएसडी असेल तर लवकर उरकतं, पण आपल्या इकडच्या जुन्या मशीनमधात हार्ड डिस्क असते, त्यात दोन-दोन तास मी स्वतः बसून काढलेत. कॅबिनेटच्या पुढचा हार्ड डिस्कचा बारका लाईट लुकलुकून राहिला असेल तर हात लावू नका, चहा प्या. एका सेवा केंद्रवाल्या दादानं बाहेर रांग लागली म्हणून वीस मिनिटांत बटण दाबून बंद केलं, वापस चालू केलं, वापस बंद, शेवटी विंडोजच बसलं, अन् मग डेटा काढून सगळं नव्यानं टाकावं लागलं. अर्धा दिवस गेला, त्याचाही अन् माझाही.

अन् लाईन जायची असेल त्या वेळी अपग्रेडला हात घालू नका. गावात लोडशेडिंगचं टाईमटेबल सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण अपग्रेड मारताना कोणाला आठवत नाही. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटं पण धरत नसेल तर त्या यूपीएसला फक्त डब्बा समजा.

दोन-तीन तास झाले, लाईट लुकलुकत नाही, काहीच हालचाल नाही, तर मग पुढं चला.

मॉनिटर एकटा तपासा

मागून चित्राची केबल काढा, फक्त पॉवरची ठेवा, अन् मॉनिटर चालू करा. "नो सिग्नल", "चेक केबल" किंवा कंपनीचं नाव, काहीही स्वतःहून दाखवलं की मॉनिटर पास. पॅनेल, बॅकलाईट, पॉवर, तिन्ही एका झटक्यात कळतात. एवढं केलं तरी अर्धे लोक नवा मॉनिटर घ्यायचे वाचतात, खरं सांगतो.

काहीच दाखवलं नाही तर पॉवर कॉर्ड बदलून पाहा, बहुतेक डेस्कटॉपमधात सीपीयूची अन् मॉनिटरची कॉर्ड एकसारखीच असते, अदलाबदल करा. एक्स्टेंशन बोर्डाचं सॉकेट ढिल्लं आहे का पाहा, भिंतीतल्या पॉइंटात थेट लावून पाहा. (ज्या मॉनिटरला वेगळा ॲडॉप्टर असतो त्याला दुसऱ्याचा ॲडॉप्टर लावू नका, व्होल्टेज वेगळं असू शकतं.)

मग सोर्स. मॉनिटरला व्हीजीए अन् एचडीएमआय दोन्ही असतील तर मेनूच्या बटणानं सोर्स बदलून पाहा. अपग्रेडच्या रीस्टार्टमधात सिग्नल थोडा वेळ तुटतो, तेवढ्यात कधी कधी मॉनिटर दुसऱ्या इनपुटवर जाऊन बसतो अन् तिथंच वाट पाहत राहतो.

केबल, अन् अर्थिंगची गोष्ट

केबल काढायच्या-लावायच्या आधी दोन्हीकडचं स्विच बंद करा. हे मी उगाच नाही सांगून राहिलो. गावात बऱ्याच घरांत तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या पिनच्या मागं अर्थिंगची वायरच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ना, तो पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून बॉडीत आलेला करंट असतो. अशात चालू एचडीएमआय खुपसली तर ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो, मदरबोर्डाकडचा नाहीतर मॉनिटरकडचा. साधा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम घेऊन बसलेला माणूस मग खरोखरचा हार्डवेअरचा प्रॉब्लेम करून ठेवतो. मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या, मॉनिटर नंतर.

व्हीजीएच्या केबलचं तोंड पाहा, एखादी पिन वाकली का. एक पिन मुळातच नसेल तर घाबरू नका, नऊ नंबरची पिन बऱ्याच केबलमधात कंपनीच घालत नाही. पण बारा अन् पंधरा नंबरच्या कामाच्या आहेत, त्यांच्यातूनच मॉनिटर सीपीयूला सांगतो की मी एवढा मोठा, मला एवढंच झेपतं. त्या वाकल्या की सीपीयूला अंदाजानं माप ठरवावं लागतं. जुनं विंडोज कधीतरी बरोबर सेट करून ठेवलेलं असतं म्हणून वर्षानुवर्षं चालतं, अपग्रेडनं ती सेटिंग पुसली की "आउट ऑफ रेंज". केबल दीड-दोनशेत भेटते, एक एक्स्ट्रा ठेवाच.

एचडीएमआयचं व्हीजीए करणारं ते बारकं कन्व्हर्टर, ते आणखी एक. स्वस्तातलं असलं की आधी चालतं अन् अपग्रेडनंतर नखरे करतं. शक्य असेल तर ते काढून सरळ केबल लावा, घरातल्या खऱ्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर सीपीयू उचलून तिथं लावून पाहा. तिथं चित्र आलं तर सीपीयू पण पास, भांडण फक्त कन्व्हर्टर अन् मॉनिटरच्या मधात.

सीपीयूला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागं दोन ठिकाणी एचडीएमआय दिसतात, एक वर मदरबोर्डाची उभी, एक खाली कार्डाची आडवी. केबल कार्डात पाहिजे. झाडझूड करताना कोणीतरी काढून वरच्यात लावतं अन् नाव अपडेटचं होतं.

पूर्ण बंद करा, खरोखरचं बंद

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तुम्ही शटडाऊन म्हणता तेव्हा विंडोज पूर्ण झोपत नाही, आतला गाभा हार्ड डिस्कवर तसाच लिहून ठेवतं अन् सकाळी तोच उचलतं. म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर पण जसाच्या तसा वापस. म्हणून "दहा वेळा बंद-चालू केलं भाऊ" याला काही अर्थ नसतो. रीस्टार्टमधात मात्र सगळं नव्यानं उठतं.

स्क्रीन दिसत नसताना असं करा: पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद, भिंतीतलं स्विच बंद, कॉर्ड काढा, अन् आता पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. आतमधात उरलेला चार्ज निघून जातो. प्रिंटर, पेन ड्राईव्ह, अंगठ्याचं मशीन, सगळं यूएसबीचं काढा, फक्त कीबोर्ड-माऊस ठेवा. मग चालू.

आंधळेपणानं कीबोर्ड

कॅप्स लॉकचा लाईट चालतो त्यांच्यासाठी. विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट अन् बी, चारही एकदम दाबा. यानं ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी नव्यानं सुरू होतो. बीप येतो, स्क्रीन एकदा फडफडते. कागदपत्रं उघडी असतील तरी बंद होत नाहीत, म्हणून बिनधास्त दाबा.

त्यानं नाही झालं तर विंडोज की अन् पी. सेवा केंद्रात अन् शाळेत प्रोजेक्टर किंवा दुसरी स्क्रीन लावलेली असते, अपग्रेडनंतर विंडोज तिलाच मेन समजून बसतं. पण हे लॉगिनच्या आत गेल्यावर बरोबर चालतं, तर आधी स्पेस दाबा, अंदाजानं पिन टाका, एंटर, अर्धा मिनिट थांबा, मग विंडोज अन् पी, खालचा बाण एकदा, एंटर. नाही आलं तर वापस तेच, वेळ देत देत, तीन-चार वेळा.

पांढरा बाण दिसतो त्यांनी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढायचा, रन न्यू टास्क, अन् तिथं एक्सप्लोरर डॉट ईएक्सई इंग्रजीत टाकून एंटर. डेस्कटॉप उठतो. उठला नाही तर खाली सेफ मोडचं लिहिलंय ते.

कॅबिनेट उघडायचं असेल तर

इथपर्यंत पैसे लागले नाहीत. आता पेचकस. लोगोच येत नाही अन् कॅप्स लॉक पण मेलेला, त्यांनीच हे करायचं, बाकीचे सेफ मोडवर जा.

लाईन काढून रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरानं हलकी घासा, कपड्यानं पुसा, वापस टकटक आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. रॅमचा अन् अपग्रेडचा काय संबंध? काही नाही. पण अपग्रेड करायला लोक सीपीयू गाडीवर मधात ठेवून खड्ड्याखड्ड्यातून तालुक्याला आणतात अन् तसाच वापस नेतात, त्यात रॅम ढिल्ली होते. जिनिंगजवळच्या दुकानातल्या सीपीयूत तर पंख्यात कापसाचे तंतू गच्च बसलेले असतात, ते पण ब्रशनं काढून घ्या.

रॅमनं झालं नाही तर एक प्रश्न स्वतःला विचारा: विंडोज ११ बसावं म्हणून कोणी बायोसमधात काही बदललं होतं का? ११ ला टीपीएम २.० अन् सिक्युअर बूट (मशीनच्या सुरक्षेच्या दोन सोयी) लागतं, म्हणून पोट्टे व्हिडिओ पाहून बायोसमधात सीएसएम बंद करतात. सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीनं चालू व्हायची सोय. जुन्या ग्राफिक्स कार्डात नव्या पद्धतीचा कोडच नसतो, सीएसएम बंद झालं की ते सुरुवातीचं चित्र देऊ शकत नाही, बायोस पण दिसत नाही, मग वापस बदलणार कुठून? उपाय मदरबोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२. कॉर्ड काढून, सेल काढून दहा मिनिटं ठेवा, लावा, बायोस मूळ सेटिंगवर जातो. मदरबोर्डाला स्वतःची एचडीएमआय असेल तर कार्ड काढून तिच्यावर पाहा, ते त्याहून सोपं.

पण सेल काढायच्या आधी हे वाचा. ज्या मशीनमधात बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे ती बायोसची सेटिंग बदलली की ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधात असते, मोबाईलवरून लॉगिन करून पाहता येते. ते अकाउंट कोणाच्या नंबरवर काढलं हेच आठवत नसेल तर सेलला हात लावू नका. की नाही तर डेटा नाही, मी काय अन् नागपूरच्या बर्डीतला मोठा इंजिनियर काय, कोणीच काढून देऊ शकत नाही.

सेफ मोड अन् ड्रायव्हर

लोगो दिसतो अन् मग काळं, त्यांचं खरं औषध हे. लोगो अन् ठिपके आले की पॉवर बटण दाबून बंद करा, असं दोन-तीनदा लागोपाठ, मग विंडोज स्वतःच रिपेअरची निळी स्क्रीन काढतं. अपग्रेड चालू असताना बटण दाबू नका म्हणालो होतो अन् आता दाबा म्हणून राहिलो, फरक एवढाच की अपग्रेड पूर्ण झालेलं पाहिजे. निळ्या स्क्रीनवर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, अन् यादी आली की ४ दाबा, सेफ मोड, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालू होतं. "आउट ऑफ रेंज"वाल्यांनी ३ दाबायचं, त्यात चित्र कमी मापात येतं, आत जाऊन रिझोल्युशन अन् रिफ्रेश रेट मॉनिटरच्या मापाचा करायचा. सेफ मोडमधात कधी कधी पिन चालत नाही, पासवर्ड मागतो, तो हाताशी ठेवा.

सेफ मोडमधात स्क्रीन ठणठणीत दिसली म्हणजे चोर सापडला, ड्रायव्हरच. स्टार्टवर राईट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॉप्टर्स, त्यातल्या नावावर डबल क्लिक, ड्रायव्हरचा टॅब. रोल बॅकचं बटण दाबता येत असेल तर ते, नसेल तर अनइन्स्टॉल, अन् ड्रायव्हर पण काढून टाका म्हणून जी चौकट येते तिच्यात टिक. रीस्टार्ट. आता विंडोज स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालेल, अक्षरं मोठी-भोंगळी दिसतील, पण दिसतील.

इथंच लोक खुश होऊन उठतात अन् तिसऱ्या दिवशी वापस फोन, "भाऊ, पुन्हा काळी." कारण विंडोज अपडेट गुपचूप तोच ड्रायव्हर वापस आणून बसवतं. म्हणून त्याच दिवशी मशीनच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राईव्हनं टाका, अन् डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमधात नो करून ठेवा. दोन्ही करा. एकच केलं तर मी पुन्हा येईन अन् माझे पैसे पुन्हा लागतील.

चिप इतकी जुनी आहे की ११ चा ड्रायव्हर निघालाच नाही, असं पण असतं. ११ साठी डब्ल्यूडीडीएम २.० (ग्राफिक्स ड्रायव्हरचा एक ठरलेला दर्जा) चा ड्रायव्हर लागतो, अन् टीपीएमची अट चुकवून जबरदस्तीनं बसवलेल्या मशीनमधात बऱ्याचदा तो भेटतच नाही. कोअर २ ड्युओवर तर २४एच२ (११ ची २०२४ ची आवृत्ती) चालूच होत नाही, तो प्रोसेसरच नापास आहे, तिथं ड्रायव्हर शोधत रात्र घालवू नका.

असं असेल नाहीतर कंटाळा आला असेल तर मागं फिरा. अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत जुनं विंडोज वापस आणता येतं, सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, गो बॅक. स्क्रीन नीट चालतच नसेल तर त्या निळ्या स्क्रीनमधून अनइन्स्टॉल अपडेट्स, फीचर अपडेट. डिस्क क्लीनअपनं जुन्या विंडोजचा फोल्डर उडवला असेल तर हा रस्ता दहा दिवसांच्या आतही बंद. जागा भरली म्हणून पहिल्याच दिवशी तो उडवणारे मी पाहिलेत.

इथं थांबा

मॉनिटर कधीच उघडू नका. २३० व्होल्टची लाईन आत जाऊन तिनशेच्या वर डीसी होते अन् पॉवर बोर्डाच्या मोठ्या कपॅसिटरमधात कॉर्ड काढल्यावरही काही वेळ साठून राहते. पॉवर सप्लायचा डब्बा पण तसाच, त्याचे स्क्रू सोडू नका. टॉर्चमधात फिक्कट चित्र दिसणारा, एकटा ठेवूनही काहीच न दाखवणारा, जळका वास मारणारा मॉनिटर सरळ कारागिराकडं न्या, अन् काम करायच्या आधी खर्च विचारा, कधी कधी जुन्याच्या रिपेरिंगपेक्षा सेकंडहँड स्वस्त पडतो.

हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज, बिटलॉकरची की नाही, अन् मशीनमधात सोसायटीचा, दुकानाचा किंवा लोकांच्या कागदांचा एकमेव डेटा आहे, यातलं एक जरी असेल तर सेफ मोडच्या पुढं स्वतः जाऊ नका. अन् कोणीही "फॉरमॅट मारून देतो" म्हणाला तर आधी डेटा कुठं काढून ठेवणार ते त्याला विचारा, गोलगोल उत्तर दिलं तर सीपीयू उचला अन् निघा.

दुकानात आणताना फक्त सीपीयू आणू नका, तुमचीच केबल, कन्व्हर्टर असेल तर तो, अन् जमलं तर मॉनिटर पण आणा. माझ्या केबलवर माझ्या टेबलवर सगळ्यांचे सीपीयू छान चालतात अन् घरी गेल्यावर वापस काळे होतात. सीपीयू गाडीवर आणत असाल तर खाली गोधडी टाका अन् आडवा ठेवा.